नात्यातलं मूल, खर्च कुणाचा?

गोपाळ कृष्ण गोखले तेरा वर्षांचे असताना, १८७९ मध्ये, त्यांचे वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव तेव्हा स्वतःच शिकत होते. त्यांनी शिक्षण सोडलं, महिना १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये दरमहा कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवायला सुरुवात केली. त्या आठ रुपयांत गोपाळनं किती काटकसर केली हे चरित्रकार कौतुकानं सांगतात. उरलेल्या सात रुपयांत गोविंदरावांनी घर कसं ओढलं, यासाठी मात्र त्यांना एखादं वाक्यही पुरतं.

जोतीराव फुल्यांचंही असंच. आई चिमणाबाई गेल्या तेव्हा जोती तान्हा होता. त्याला वाढवलं नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी. त्या स्वतः बालविधवा. मिशनऱ्यांच्या घरी मुलं सांभाळून पोट भरायच्या आणि तिथं कानावर पडलेलं इंग्रजी आणि दिसलेलं जग पोराच्या कानावर घालायच्या. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये आपल्या बालसंगोपन योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं. नाव थोरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण या योजनेचं काम बघता ती सगुणाबाईंच्या नावानं असती तर अधिक शोभली असती, असं मला वाटतं.

थोरांची चरित्रं बाजूला ठेवली तरी कुठल्याही मराठी घरात एक तरी असं मूल निघतं. आई बाळंतपणात गेली म्हणून आजोळी वाढलेलं, बाप दारूत बुडाला म्हणून मामानं उचलून आणलेलं, भाऊ-भावजय अपघातात गेले म्हणून चुलतीच्या पदरात आलेलं. ‘दोन होती, तिसरं झालं’ एवढ्यावर विषय संपतो. चुलत्यानं पुतण्याच्या खर्चाचा आकडा तोंडातून काढला तर तो हिशेबी ठरतो, आणि चुलतीनं काढला तर तिचं काही खरं नाही. त्यामुळे हा हिशेब घरात कुणी मांडत नाही. घरात मांडला गेला नाही म्हणून सरकारदरबारीही तो फार उशिरा आणि फार काचकूच करत मांडला गेला.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २००९ मध्ये मुलांच्या पर्यायी संगोपनाविषयी मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली. मूल आईबापांकडे राहू शकत नसेल तर आधी नात्यात बघा, संस्थेचा विचार अगदी शेवटी करा, हा त्यांचा गाभा. भारताचा २०१५ चा बाल न्याय कायदाही तेच म्हणतो: संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. तत्त्वाबद्दल कुणाचंच दुमत नाही. पैशाचा प्रश्न आला की गाडी अडते. बालगृहात मूल ठेवलं की त्याच्या जेवणाचं, कपड्यांचं, काळजीवाहकाच्या पगाराचं अनुदान ठरलेलं असतं. कारण तिथं संस्था आहे, नोंदणी क्रमांक आहे, दरवर्षी हिशेब तपासणारा आहे. तेच मूल आजीकडे राहिलं की आजीची माया गृहीत धरली जाते, आणि मायेला सरकारी खर्चाचं शीर्ष नसतं.

महाराष्ट्राला याबाबत थोडं श्रेय द्यायला हवं. आपल्याकडची बालसंगोपन योजना १९७५ पासूनची आहे. देशात ‘संस्थेबाहेरचं संगोपन’ ही भाषा रुळायच्या कितीतरी आधी, मूल बालगृहात न पाठवता कुटुंबातच राहावं म्हणून दरमहा रक्कम द्यायची कल्पना इथं आली. अनाथ मुलं, एकच पालक उरलेली मुलं, आईबाप तुरुंगात असलेली, कुष्ठरोग, कर्करोग किंवा एचआयव्हीनं घर मोडलेली, घटस्फोटानं दुभंगलेल्या घरातली, अशी अठरा वर्षांखालची बरीच मुलं तिच्या कक्षेत येतात. आजी, मामा, मावशी, आत्या, चुलता, ज्याच्याकडे मूल आहे तो अर्ज करू शकतो. मंजुरी देते जिल्ह्याची बालकल्याण समिती. काम पाहतात महिला व बालविकास खात्याचे जिल्ह्यातले अधिकारी आणि त्यांच्याशी जोडलेल्या स्वयंसेवी संस्था.

कल्पना लवकर आली. रक्कम मात्र कल्पनेच्या मागं रखडत चालली. बरीच वर्षं मुलामागं महिना ४२५ रुपये मिळायचे. कोविडनंतर ते ११०० झाले आणि २०२३ मध्ये २२५०, शिवाय संस्थेला मुलामागं २५०. म्हणजे मुलाला दिवसाला ७५ रुपये. तालुक्याच्या गावात सकाळचं दूध, दुपारच्या भाजीला चार पैसे आणि एखादी वही, एवढ्यात तो दिवस संपतो. ताप आला तर डॉक्टरची फी दुसऱ्या दिवसाच्या वाट्यातून जाते. रक्कम वाढली हे खरंच. पण ती दर महिन्याच्या दर महिन्याला येईल याची खात्री नसते. सहा-सहा महिने काहीच नाही आणि मग एकदम थकबाकी, हा अनुभव जिल्ह्याजिल्ह्यांत सांगितला जातो. पगारदार माणसाला थकबाकी मिळाली की आनंद होतो. किराणा उधारीवर भरणाऱ्या आजीचा मात्र तो पैसा दुकानदाराच्या वहीत आधीच संपलेला असतो.

या योजनेचा अर्जही जवळून बघण्यासारखा आहे. समजा, बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावातली आजी नातवासाठी अर्ज करते आहे. मुलगा विहिरीच्या कामावर असताना वारला, सून दोन वर्षांत दुसरं घर करून गेली. आजीला जमवायचं काय काय? नातवाचं आधार, तिचं आधार, रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, मुलाच्या मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक. आणि एक फोटो: मूल आणि सांभाळणारं माणूस, दोघं घरासमोर उभे. अर्जाच्या यादीत हा फोटो असतोच. पासपोर्टच्या आकाराचा नाही, चांगला मोठा. घर दिसलं पाहिजे. मग कुणीतरी शेजारचं पोर मोबाइलवर तो काढतं. आजी नवं लुगडं नेसते, नातवाला केस विंचरून शाळेचा सदरा घालते आणि पत्र्याच्या घरापुढं दोघं ताठ उभे राहतात. घर बरं दिसावं की गरीब दिसावं, हा पेच आजीला पडतो. तो पेच बरोबरच आहे. फार बरं दिसलं तर गरज नाही असं वाटेल, फार वाईट दिसलं तर मूल इथं ठेवायचं कसं असा प्रश्न येईल.

फोटोपेक्षा सुनेचा कागद अवघड. मुलाच्या मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीत मिळतो. सून निघून गेली याचा दाखला कुठंच मिळत नाही. पुनर्विवाह नोंदवलेला असेल असं नाही. तिचं आधार आजीकडे नाही, आणि ती नव्या घरी असल्यानं मागायला जायची सोय नाही. बाप वारला आहे म्हणून हे मूल योजनेत बसतं, ते वेगळं. पण चौकशीच्या वेळी ‘आई कुठे आहे?’ या प्रश्नाचं उत्तर कागदावर द्यायचं म्हटलं की आजी गप्प होते. समिती जिल्ह्याच्या ठिकाणी बसते. मुलाला घेऊन तिथं जायचं म्हणजे एक रोज बुडाला, वर एसटीचं भाडं. एखादा कागद कमी पडला की पुन्हा तेच.

राजस्थाननं हा गुंता थोडा सरळ सोडवलाय. तिथली पालनहार योजना २००५ मध्ये सुरू झाली, सुरुवातीला अनुसूचित जातींतल्या अनाथ मुलांपुरती. पुढं तिची कक्षा वाढत गेली आणि तिच्या यादीत एक नोंद अशी आली जी वाचून कौतुक वाटतं: ‘नाता’ गेलेल्या आईची मुलं. नाता ही तिकडची रूढी. विधवा किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई दुसऱ्या पुरुषाच्या घरी राहायला जाते आणि पहिली मुलं बहुधा आजी-आजोबांकडे राहतात. रूढीविषयी काय बोलायचं ते बोला, पण सरकारनं लाज न बाळगता तिचा परिणाम यादीत लिहिला आणि मागं राहिलेल्या मुलांची सोय लावली. आपल्याकडेही अशी मुलं काही कमी नाहीत. आपण त्यांना ‘एकल पालक’ या गठ्ठ्यात घालतो आणि त्यांची आई कुठे आहे हे विचारत बसतो. पालनहारमध्ये मूल अंगणवाडीत किंवा शाळेत जातंय एवढी अट आहे. बरीच वर्षं सहा वर्षांखालच्या मुलाला ५०० आणि मोठ्याला १००० रुपये महिना मिळत, शिवाय बहुतेक गटांना कपडे-बूट-पुस्तकांसाठी वर्षाला २००० वेगळे. पुढं दर वाढवले गेले. ती वर्षाची वेगळी रक्कम मला फार शहाणपणाची वाटते. जूनमध्ये शाळा सुरू होताना लागणारा खर्च आणि नोव्हेंबरातला खर्च सारखा नसतो, हे ज्याला कळतं त्यानंच ती घातली असणार.

आता कायद्याकडे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा. त्यानुसार अज्ञान मुलाचे नैसर्गिक पालक म्हणजे बाप आणि आई. आजी नाही, मामा नाही, चुलता नाही. त्यांना पालकत्व हवं असेल तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा. वकील, तारखा, नोटिसा. नातवंड सांभाळणाऱ्यांपैकी फारच थोडे तिथवर जातात. बाकीचे सगळे कायद्याच्या नजरेत नुसते ‘सांभाळणारे’. शाळेत प्रवेश, दवाखान्यात शस्त्रक्रियेची सही, बँकेत खातं, प्रत्येक खिडकीवर ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न. दहा वर्षांपुढच्या मुलाला स्वतःचं बचत खातं उघडून चालवायची मुभा रिझर्व्ह बँकेनं २०१४ पासून दिली आहे, म्हणून मोठ्या मुलांचं निभावतं. चार वर्षांच्या पोराचं काय? तिथं बँक नैसर्गिक किंवा कायदेशीर पालक मागते आणि मॅनेजर समजूतदार असण्यावर गाडी चालते.

गंमत अशी की याच सरकारचं महसूल खातं नात्यातल्या पालकाला पिढ्यान्‌पिढ्या ओळखतं. सातबारा उघडून बघा. अज्ञान वारसाच्या नावाशेजारी ‘अ.पा.क.’ अशी तीन अक्षरं आणि पुढं चुलत्याचं किंवा आजीचं नाव. अज्ञान पालक कर्ता. पोर अठराचं झालं की अर्ज देऊन ती नोंद कमी करायची. चुलत्यानं न्यायालयाच्या परवानगीशिवाय जमीन विकली तर सज्ञान झाल्यावर पुतण्या वाद घालू शकतो. म्हणजे जमिनीचा प्रश्न असला की नात्यातला पालक कोण, त्याचा अधिकार किती, त्याला लगाम कुठं, हे सगळं आपल्याला नेमकं माहीत असतं. पोटाचा प्रश्न आला की तोच माणूस अनोळखी होतो.

बीडचाच विषय निघाला आहे तर ऊसतोडीचं सांगायलाच हवं. दिवाळीच्या आगंमागं मुकादमाकडून उचल घेतलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, कारखान्याच्या गाडीत बसते ती उन्हाळा लागताना परत येते. मुलं सोबत गेली तर शाळा बुडते आणि मागं ठेवली तर आजी-आजोबांवर येतात. या मुलांचे आईबाप हयात आहेत, कमावते आहेत. कुठल्याच योजनेत ती अनाथ नाहीत, एकल पालकाची नाहीत. पण वर्षातले पाच-सहा महिने त्यांचं सगळं म्हातारा-म्हातारीच करतात. उचलीतून मागं ठेवलेल्या किराण्यावर घर चालतं. यावर उपाय म्हणून शिक्षण खात्याची हंगामी वसतिगृहं निघाली: मूल राहतं गावात, नातेवाइकांकडे, आणि जेवतं शाळेतल्या वसतिगृहात. कागदावर ती ‘स्थलांतर रोखण्याची’ योजना आहे. बारकाईनं बघितलं तर ती आजीच्या स्वयंपाकघराला दिलेलं अनुदान आहे, रोख न देता ताटात वाढलेलं. ज्या वर्षी वसतिगृहं वेळेवर सुरू होत नाहीत त्या वर्षी ताट पुन्हा आजीच्या चुलीवर येतं.

आणि ही आजी कशावर जगते? बहुतेक वेळा श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेच्या महिना १५०० रुपयांवर. ते २०२३ पर्यंत १००० होते. तिच्या म्हातारपणासाठी दिलेले हे पैसे नातवाच्या वह्यांवर जातात. सरकारच्या खात्यात दोन वेगळे लाभार्थी, दोन वेगळी खाती. घरात गल्ला एकच. म्हणूनच ‘तिला पेन्शन आहे की’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं तापतं.

कोविडनं या सगळ्यावर एकदम उजेड पाडला. मे २०२१ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याजिल्ह्यांत कृती दलं बसली. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांची नावं शोधली गेली. त्यातली बहुतेक मुलं बालगृहात गेलीच नाहीत. ती आधीच काकांकडे, मावशीकडे, आजोळी पोहोचलेली होती. राज्य सरकारनं अशा प्रत्येक मुलाच्या नावे ५ लाखांची मुदत ठेव ठेवली. केंद्रानं २९ मे २०२१ रोजी पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन जाहीर केलं: मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत त्याच्या नावावर १० लाख होतील अशी ठेव, अठरा ते तेवीस दरमहा विद्यावेतन आणि तेविसाव्या वर्षी पूर्ण रक्कम. वर आरोग्य विमा. हेतू चांगला. पण रचना बघा. मूल सहा वर्षांचं असेल तर मोठी रक्कम बारा-सतरा वर्षांनी. मधल्या काळात त्याला जेवू घालणारी मावशी त्या १० लाखांची नुसती राखणदार. ठेवीचा आकडा मात्र सगळ्या गावाला माहीत. नात्यात कुजबूज सुरू होते. आजवर न विचारणारे काका ‘पोराला आमच्याकडे पाठवा’ म्हणू लागतात. लाखांच्या घोषणेपेक्षा महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येणारे हजार-दोन हजार कमी दिसतात, वर्तमानपत्रात त्यांची बातमी होत नाही. पण मूल त्यांवर वाढतं. त्या काळात हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीनं तालुक्यातालुक्यांत बालसंगोपनाचा विषय लावून धरला, तो याच कारणासाठी.

केंद्राची महिन्याची योजना आहे ती मिशन वात्सल्यची. बाल न्याय कायद्याच्या ४५ व्या कलमात प्रायोजकत्वाची तरतूद आहे, आणि ते कोणाला द्यायचं या यादीत ‘विस्तारित कुटुंबात राहणारी अनाथ मुलं’ स्पष्ट लिहिलेली आहेत. जुन्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेत ही रक्कम महिना २००० होती, २०२२ पासून ४००० झाली. अट उत्पन्नाची: ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार, शहरात ९६ हजार. हिशेब करा. खेड्यात महिना ६००० रुपये म्हणजे दिवसाचे दोनशे. घरात दोघं रोजंदारीवर असतील तर कागदोपत्री ते ‘वरचे’ ठरू शकतात. दोन स्वतःची मुलं आणि दोन दिराची, असं सहा जणांचं घर असलं तरी मर्यादा तीच. खाणारी तोंडं वाढली म्हणून उत्पन्नाची रेषा हलत नाही. नातेवाइकाच्या बाबतीत तरी ती हलायला हवी होती, कारण ही तोंडं त्यानं आपण होऊन वाढवलेली नाहीत.

नातेवाइकाला पैसे द्यावेत की नाही, या प्रश्नावर अमेरिकेत एक खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता: मिलर विरुद्ध यूआकीम, १९७९. इलिनॉय राज्यानं चार भावंडं ताब्यात घेतली आणि त्यांतली दोन थोरल्या बहिणीच्या घरी ठेवली. परक्या पालकाकडे ठेवली असती तर मुलामागं महिना १०५ डॉलर मिळाले असते. बहीण ‘नात्यातली’ म्हणून तिला साधारण ६३ डॉलर देऊ केले. घर तेवढंच योग्य ठरलेलं, मुलं तीच, जेवण तेच. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी निकाल लिहिला: नातं आहे म्हणून अशा घराला कमी देता येणार नाही. हा निकाल वाचताना माझ्या डोक्यात येतो तो आपला बाल न्याय कायदा. दत्तकासाठी ‘नातेवाईक’ म्हणजे कोण, हे त्यात लिहिलंय: काका-आत्या, मामा-मावशी, दोन्हीकडचे आजी-आजोबा. थोरली बहीण त्यात नाही, थोरला भाऊ नाही. शाळा सोडून धाकट्यांना वाढवणाऱ्या गोविंदरावांची जात आपल्या कायद्याला अजून नीट दिसलेली नाही.

याहून शिकण्यासारखी गोष्ट दक्षिण आफ्रिकेची. वर्णभेदी राजवट संपल्यावर फ्रान्सी लुंड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९९८ मध्ये बालक आधार अनुदान सुरू झालं. सुरुवातीला सात वर्षांखालच्या मुलाला महिना १०० रँड. रक्कम लहान, पण तिच्यामागचा विचार मोठा: पैसा मुलाच्या मागं जाईल, आणि जो प्रत्यक्ष सांभाळतो त्याच्या हातात पडेल. आई असो, आजी असो, मावशी असो. न्यायालयात जायची गरज नाही. त्याच वेळी तिथं जुनं पालक-संगोपन अनुदानही होतं, रकमेनं कितीतरी मोठं, पण न्यायालयाच्या आदेशानं मिळणारं. मग एड्सची लाट आली. हजारो आजींच्या घरी नातवंडं आली. मोठं अनुदान मिळतंय तर घ्या, असं सरकारच सांगू लागलं आणि आजी न्यायालयांच्या दारात रांगा लावू लागल्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पन्नास हजारांच्या आसपास असलेली ही अनुदानं २०१० नंतर पाच लाखांच्या पुढं गेली. प्रत्येक आदेश ठरावीक काळाचा, मग नूतनीकरण. समाजकार्यकर्ते अहवाल लिहिता लिहिता थकले. खरोखर मारहाण होणाऱ्या, छळ होणाऱ्या मुलांकडे बघायला त्यांना वेळ उरेना. मुदत संपली की अनुदान बंद. शेवटी २०११ मध्ये प्रिटोरियातल्या उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की रखडलेल्या कागदांपायी अनुदानं तोडू नका. दहा-अकरा वर्षांनी मार्ग निघाला: अनाथ मूल नातेवाइकाकडे असेल तर साध्या अनुदानावर निम्मी वाढ, २०२२ पासून. न्यायालय नको, तेच काम अनुदान कार्यालयाच्या खिडकीवर.

आपल्याकडच्या बालकल्याण समित्यांनी हा इतिहास भिंतीवर लावावा. त्यांच्यासमोर एकाच दिवशी अत्याचारग्रस्त मुलगी, घर सोडून आलेला मुलगा आणि आजीकडे सुखात असलेल्या दहा नातवंडांच्या फायली येतात. शेवटच्या दहांना समितीची गरजच काय? त्यांना संरक्षण नको आहे, त्यांना महिन्याचे पैसे हवे आहेत. ग्रामसेवक, अंगणवाडीताई आणि शाळेचे मुख्याध्यापक यांनी मिळून ‘हे मूल या घरात राहतं’ असं लिहून दिलं, तर त्यापेक्षा जास्त समितीला कळणार तरी काय आहे?

पैसे दिले की लोक पैशासाठी मुलं ठेवून घेतील, ही भीती अधिकारी खासगीत बोलून दाखवतात. दिवसाच्या ७५ रुपयांसाठी पोर कोण ठेवून घेईल, हा उलट प्रश्न सोपा आहे, पण तेवढ्यानं भीती जात नाही, कारण ती अगदीच खोटी नाही. नात्यातही मुलं राबवली जातात. ‘शिकायला’ म्हणून शहरात आणलेली भाची घरकामाला जुंपली जाते, हे आपण सगळ्यांनी कुठंतरी पाहिलंय. पण तिथं पैसा रोखून उपयोग होत नाही. तिथं कुणीतरी घरी जावं लागतं. वर्षातून एकदा, न सांगता, मुलीशी एकटीशी बोलायला. गृहभेटीचा अहवाल आज बहुतेक वेळा मंजुरीआधी लिहिला जातो. मंजुरीनंतरची भेट जास्त महत्त्वाची, आणि नेमकी तीच माणसांअभावी राहते.

शेवटचा अडसर अठराव्या वर्षाचा. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या तरुणाला कायद्याच्या ४६ व्या कलमाखाली नंतरच्या काळजीसाठी आर्थिक मदत देता येते. कलमाची भाषा आहे ‘बाल संगोपन संस्था सोडणारं मूल’. मामाकडे वाढलेलं मूल कुठलीच संस्था सोडत नाही, म्हणून ते त्यात येत नाही. बारावीच्या निकालानंतर, कॉलेजची फी भरायच्या तोंडावर, त्याचे २२५० बंद होतात. महाराष्ट्रानं २०१८ मध्ये अनाथांना एक टक्का समांतर आरक्षण दिलं, आणि २०२३ च्या निर्णयात संस्थेबाहेर, नातेवाइकांकडे वाढलेल्या अनाथांनाही त्याच्या कक्षेत जागा केली. म्हणजे नोकरी-प्रवेशाच्या बाबतीत राज्यानं ही मुलं ओळखली आहेत. खर्चाच्या बाबतीतही ओळखायची तर दिल्लीत एक दुरुस्ती लागेल, ४६ व्या कलमात ‘संस्था’ या शब्दापुढं ‘किंवा नातेवाइकाचं घर’ एवढीच. तोवर राज्याला स्वतःच्या बालसंगोपन योजनेची वयोमर्यादा शिकत असलेल्या मुलांसाठी एकवीसपर्यंत नेता येईल. त्यासाठी संसद लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो.